दिसले ते किती, आहेत ते किती? : चिन्हांकन-पुनर्निरीक्षण प्रतिमानांत नर-मादी भेदाची हाताळणी

प्रस्तावना

भाताच्या खाचराच्या बांधावरून सकाळी ऊन तापू लागल्यावर सावकाश चालत गेल्यास पाण्यालगतच्या चुडांवर टाचण्या बसलेल्या दिसतात. तुडतुडे व इतर लहान किडी खाणाऱ्या या मित्रकीटकांची संख्या किती, हा प्रश्न एकात्मिक कीड व्यवस्थापनात महत्त्वाचा आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका अभ्यासात टाचण्यांच्या पंखांवर शाईने खुणा करून, पुढील दिवसांत त्या पुन्हा किती दिसतात याची नोंद आम्ही ठेवली होती. नोंदवहीत दिनांक, वेळ, खुणेचा क्रमांक व खाचराचा क्रमांक यांचे रकाने होते. बिनखुणेच्या टाचण्यांसाठी मात्र 'एकूण' एवढा एकच रकाना होता. हंगाम संपल्यावर फवारणीनंतर संख्या घटलेली दिसली. ती घट नरांची होती की माद्यांची, हा पहिलाच प्रश्न चर्चेत विचारला गेला आणि त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ते नंतर कोणत्याही संगणक प्रणालीतून काढता येण्यासारखेही नव्हते, कारण जी नोंद क्षेत्रात झालीच नाही ती विश्लेषणात निर्माण होत नाही.

हा लेख त्या चुकीतून शिकलेल्या गोष्टींविषयी आहे. उदाहरणे मुख्यतः कीटकांची घेतली आहेत. तथापि येथील तर्क नीलगाय, काळवीट, रानडुक्कर अशा पिकांशी संबंध येणाऱ्या वन्यप्राण्यांनाही तितकाच लागू पडतो.

पद्धतीचे मूळ तत्त्व

डॅनिश शास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९६ मध्ये प्लेस या चपट्या माशांवर खुणा करून केलेले काम आणि फ्रेडरिक लिंकन यांनी १९३० मध्ये उत्तर अमेरिकेतील बदकांच्या कड्यांवरून मांडलेला संख्येचा अंदाज, हे या पद्धतीचे दोन परिचित आरंभबिंदू होत. तत्त्व साधे आहे. खुणा केलेल्या प्राण्यांपैकी जेवढा हिस्सा पुन्हा दिसतो, तेवढाच हिस्सा बिनखुणेच्या प्राण्यांपैकीही दिसत असावा, असे मानले जाते. खुणेचे ६० प्राणी असून त्यांपैकी २४ दिसले, तर दिसण्याची संभाव्यता ०.४ होते. त्याच फेरीत बिनखुणेचे ११६ दिसले असतील, तर ते प्रत्यक्षात ११६ भागिले ०.४, म्हणजे २९० असावेत. त्यांत खुणेचे ६० मिळवले की एकूण संख्या ३५० येते.

पुनर्ग्रहण पद्धतीत प्राणी प्रत्येक वेळी पुन्हा पकडावा लागतो. पुनर्निरीक्षण पद्धतीत तो एकदाच पकडून खूण करावी लागते. पुढे दुर्बिणीने, छायाचित्राने किंवा नुसत्या डोळ्यांनी खूण वाचली तरी पुरते. त्यामुळे खर्च कमी होतो व प्राण्याला होणारा त्रासही कमी होतो. मात्र या सोयीबरोबर एक जबाबदारी येते. बिनखुणेचा प्राणी हातात येत नसल्यामुळे तो नर की मादी, हे दुरूनच ठरवावे लागते. लिंगभेदाच्या बहुतेक अडचणी येथूनच सुरू होतात.

नर आणि मादी सारख्या प्रमाणात का दिसत नाहीत?

कीटकशास्त्राच्या अभ्यासकांना या प्रश्नाची उत्तरे रोजच्या कामात भेटतात. कामगंध सापळ्यात घाटे अळीचे केवळ नर पतंग येतात. मिथाइल युजेनॉलकडे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस या फळमाशीचे नर आकर्षित होतात, तर क्यू-ल्यूरकडे काकडीवर्गीय पिकांवरील फळमाशीचे नर. प्रथिनयुक्त आमिषाकडे माद्याही येतात, कारण अंडी पक्व होण्यासाठी त्यांना प्रथिनांची गरज असते. ओल्या मातीवर क्षार शोषणाऱ्या फुलपाखरांच्या थव्यात बहुतांश नर असतात. माद्या त्या वेळी खाद्यवनस्पतींच्या पानांआड अंडी घालण्यात गुंतलेल्या असतात. चतुर व टाचण्यांचे नर पाण्याकाठी जोडीदाराच्या प्रतीक्षेत दिवसाचा मोठा काळ घालवतात, तर माद्या पाण्यावर प्रामुख्याने मीलन व अंडी घालण्यापुरत्या येतात आणि उरलेला काळ दूर गवतात असतात.

टांगानिकात (आजचा टांझानिया) १९३० च्या दशकात जॅक्सन यांनी त्सेत्से माश्यांवर रंगाचे ठिपके देऊन संख्येचे जे अंदाज बांधले, तेथेही हीच अडचण होती. चालत्या माणसाच्या किंवा जनावराच्या मागे येणाऱ्या माश्यांमध्ये नरांचे प्रमाण खूप अधिक असते, कारण मादी भेटण्याच्या अपेक्षेने नर अशा हलत्या लक्ष्याचा पाठलाग करतात. त्यामुळे हातजाळ्यात आलेल्या माश्यांचे लिंग-गुणोत्तर हे समष्टीचे गुणोत्तर नसते.

थोडक्यात, दिसलेल्या प्राण्यांचे लिंग-गुणोत्तर दोन गोष्टींनी मिळून बनलेले असते : प्रत्यक्षात किती नर व किती माद्या आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येकाची दिसण्याची संभाव्यता किती. या दोन गोष्टी वेगळ्या करणे हेच चिन्हांकनाचे खरे काम आहे.

एक संख्यात्मक उदाहरण

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. एका क्षेत्रात २०० नर व २०० माद्या, अशा एकूण ४०० टाचण्या आहेत असे मानू. नर दिसण्याची संभाव्यता ०.५ व मादी दिसण्याची ०.२ आहे.

पहिली स्थिती : नर सहज सापडतात, म्हणून ४० नर व २० माद्यांवर खुणा केल्या. पुनर्निरीक्षणात खुणेचे २० नर व ४ माद्या दिसल्या. बिनखुणेचे ८० नर व ३६ माद्या दिसल्या. लिंगभेद न पाहता हिशेब केला, तर वर दिलेलेच आकडे मिळतात आणि अंदाज ३५० येतो. म्हणजे ५० टाचण्या हिशेबातून नाहीशा झाल्या. स्वतंत्र हिशेब केल्यास नर ८० भागिले ०.५ अधिक ४०, म्हणजे २०० आणि माद्या ३६ भागिले ०.२ अधिक २०, म्हणजे २००. एकूण ४०० हा बरोबर आकडा येतो.

दुसरी स्थिती : नर व माद्या प्रत्येकी ३० चिन्हांकित केल्या. खुणेचे १५ नर व ६ माद्या दिसल्या; एकत्रित संभाव्यता २१ भागिले ६०, म्हणजे ०.३५. बिनखुणेचे ८५ नर व ३४ माद्या, एकूण ११९ दिसल्या. ११९ भागिले ०.३५ अधिक ६० म्हणजे पुन्हा ४००. येथे लिंगभेद दुर्लक्षूनही एकूण आकडा बरोबर आला.

तिसरी स्थिती : २० नर व ४० माद्या चिन्हांकित केल्या. खुणेचे १० नर व ८ माद्या दिसल्या. एकत्रित संभाव्यता ०.३. बिनखुणेचे ९० नर व ३२ माद्या, एकूण १२२ दिसल्या. अंदाज सुमारे ४६७ येतो, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा ६७ अधिक.

या तीन स्थितींतून मिळणारा धडा महत्त्वाचा आहे. नर व मादी वेगवेगळ्या प्रमाणात दिसतात एवढ्यानेच एकूण अंदाज चुकत नाही. जे लिंग अधिक दिसते त्याच्यावर खुणाही अधिक झाल्या, तर अंदाज कमी येतो. जे कमी दिसते त्याच्यावर खुणा अधिक झाल्या, तर अंदाज वाढतो. खुणा समष्टीतील प्रमाणानुसार झाल्या असतील, तर एकूण संख्येतील अभिनती नाहीशी होते. तरीही दुसऱ्या स्थितीत नर व माद्या वेगळ्या किती, हे एकत्रित हिशेबातून कळत नाहीच. दिसलेल्या १०० नर व ४० माद्यांवरून कोणी अडीचास एक असे गुणोत्तर मांडले, तर ते साफ चुकीचे ठरेल.

वेगळे करण्याची किंमत

मग प्रत्येक वेळी नर-मादी वेगळे करून हिशेब करावा काय? येथे दुसरी बाजू पाहावी लागते. पहिल्या स्थितीत खुणेच्या केवळ ४ माद्या दिसल्या. योगायोगाने त्या ३ दिसल्या असत्या, तर माद्यांचा अंदाज २६० झाला असता. ५ दिसल्या असत्या, तर १६४. नरांच्या बाबतीत २० ऐवजी १९ किंवा २१ दिसले असते, तर अंदाज अनुक्रमे सुमारे २०८ व १९२ आला असता. एका टाचणीच्या फरकाने माद्यांचा आकडा इतका हलतो, हे लक्षात घेतले पाहिजे. लहान नमुन्यांसाठी चॅपमन यांनी १९५१ मध्ये सुचवलेली दुरुस्ती उपयुक्त आहे. परंतु तीही तुटपुंज्या माहितीला भरघोस करू शकत नाही.

म्हणून अभिनती व अचूकता यांत तोल साधावा लागतो. प्रतिमानांची उपयुक्तता याच ठिकाणी आहे. पाच फेऱ्यांच्या अभ्यासात दिसण्याच्या संभाव्यतेसाठी पुढील पर्याय मांडता येतात :

१. सर्वांसाठी एकच संभाव्यता – १ प्राचल.
२. लिंगानुसार वेगळी – २ प्राचल.
३. फेरीनुसार वेगळी – ५ प्राचल.
४. लिंग व फेरी यांची बेरीज – ६ प्राचल.
५. प्रत्येक लिंगासाठी प्रत्येक फेरीत स्वतंत्र – १० प्राचल.

चौथा पर्याय पुष्कळदा व्यवहार्य ठरतो. ढगाळ दिवशी नर व माद्या दोन्ही कमी दिसतात आणि स्वच्छ उन्हात दोन्ही अधिक; मात्र दोहोंमधील अंतर साधारण सारखे राहते, असे तो मानतो. हवामानाचा परिणाम नरांच्या भरपूर नोंदींवरून समजतो व माद्यांच्या अंदाजालाही त्याचा आधार मिळतो. पाचव्या पर्यायात मात्र माद्यांच्या मोजक्या नोंदी पाच फेऱ्यांत विखुरल्या जातात.

गॅरी व्हाइट व केनेथ बर्नहॅम यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या 'मार्क' या संगणक प्रणालीत नर व मादी हे दोन गट म्हणून देता येतात. एका फेरीत प्रत्येक प्राणी फार तर एकदाच मोजला जात असेल व खुणेच्या प्राण्यांची संख्या माहीत असेल, तर लॉजिट-नॉर्मल प्रतिमान योग्य ठरते. एकाच फेरीत तोच प्राणी अनेकदा दिसू शकत असेल, तर पॉइसॉन-लॉगनॉर्मल प्रतिमान वापरावे. या प्रतिमानांत वैयक्तिक भिन्नतेसाठी स्वतंत्र प्राचल असते. लिंग हा भिन्नतेचा ज्ञात भाग आहे. वय, जागा, स्वभाव यांमुळे येणारा अज्ञात भाग त्या प्राचलात जातो. ज्ञात भाग अज्ञाताच्या खात्यात टाकू नये.

प्रतिमानांची तुलना एआयसीसी निकषाने करण्याची प्रथा आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. माद्यांच्या नोंदी अगदी थोड्या असतील, तर हा निकष लिंगभेद नसलेल्या साध्या प्रतिमानाला कौल देऊ शकतो. त्याचा अर्थ भेद नाही असा होत नाही. भेद दाखवण्याइतकी माहिती नाही, एवढाच होतो. प्राण्याच्या वर्तनावरून भेद अपेक्षित असेल, तर लिंगाचा समावेश असलेल्या प्रतिमानाचा अंदाजही सोबत द्यावा किंवा प्रतिमानांची भारित सरासरी घ्यावी.

लिंग ओळखण्यातील चूक

आपल्याकडे भातखाचरांत आढळणाऱ्या इश्नुरा सेनेगॅलेन्सिस या टाचणीच्या काही माद्या रंगाने हुबेहूब नरासारख्या असतात. हातात घेतल्यावर उदराच्या दुसऱ्या खंडाखालील नराचे दुय्यम जननांग किंवा मादीचे अंडनिक्षेपक पाहून खात्री करता येते. दुरून मात्र नररूपी मादी नरांतच मोजली जाते.

याचा परिणाम वरील उदाहरणातच पाहू. पहिल्या स्थितीत दिसलेल्या बिनखुणेच्या ३६ माद्यांपैकी ९ नररूपी होत्या व त्या नर म्हणून नोंदल्या गेल्या, असे समजू. आता नरांचा अंदाज २१८ व माद्यांचा १५५ येतो. नर १८ ने वाढले. माद्या ४५ ने घटल्या. चूक दोन्हीकडे समसमान होऊन एकमेकींना छेदत नाही. कारण दिसलेली प्रत्येक मादी पाच माद्यांच्या वतीने दिसलेली असते, तर प्रत्येक नर दोन नरांच्या वतीने.

नीलगायीत हीच अडचण वेगळ्या रूपात येते. प्रौढ नर निळसर करडा व शिंगे असलेला असतो. मादी तपकिरी व बिनशिंगाची. परंतु कोवळे नरही तपकिरीच असतात. त्यामुळे 'नर' ही नोंद बहुधा विश्वसनीय असते, 'मादी' ही नोंद तितकी नसते. अशा वेळी 'प्रौढ नर' आणि 'मादी किंवा अल्पवयीन' असे वर्ग प्रामाणिकपणे ठेवणे बरे. ज्यांचे लिंग ठरले नाही त्यांना दिसलेल्या गुणोत्तरात वाटून टाकण्याचा मोह टाळावा. लिंग ओळखता येण्याची शक्यताही दोन्ही लिंगांत सारखी नसते.

या चुकीचे मोजमाप करण्याचा एक सोपा मार्ग आहे. खुणेच्या प्राण्याचे लिंग पकडतानाच निश्चित झालेले असते. निरीक्षकाने खुणेचा प्राणी दिसल्यावर आधी रंगरूपावरून लिंग लिहावे व नंतरच खूण वाचावी. मूळ नोंदवहीशी पडताळल्यावर दुरून लिंग ओळखण्यात किती टक्के चूक होते, हे आपल्याच आकड्यांतून कळते आणि त्यानुसार बिनखुणेच्या नोंदी दुरुस्त करता येतात.

जगण्याचा दर आणि स्थलांतर

अभ्यास अनेक आठवडे किंवा वर्षे चालणार असेल, तर जॉली व सेबर यांनी १९६५ मध्ये स्वतंत्रपणे विकसित केलेल्या पद्धतीपासून पुढे आलेली खुल्या समष्टीची प्रतिमाने लागतात. त्यांत मिळणारा जगण्याचा दर हा 'भासमान' दर असतो. मेलेला प्राणी व कायमचा निघून गेलेला प्राणी यांत ही प्रतिमाने फरक करू शकत नाहीत. एक लिंग अधिक दूर जाणारे असेल, तर त्याचा मृत्युदर उगाच मोठा दिसतो. पोलॉक यांनी १९८२ मध्ये सुचवलेल्या रचनेत, काही दिवसांच्या अंतराने होणाऱ्या मुख्य टप्प्यांत जवळजवळच्या अनेक फेऱ्या घेतात. त्यामुळे तात्पुरती अनुपस्थिती वेगळी ओळखता येते. अंडी घालण्याच्या दोन वेळांमध्ये पाण्यापासून दूर राहणाऱ्या मादी टाचण्यांसाठी ही रचना फार उपयोगी आहे. फवारणीनंतर दिसेनाशी झालेली मादी मेली की गवतात गेली, हा आमचा अनुत्तरित प्रश्न याच रचनेने सुटण्यासारखा होता.

निर्णयांशी संबंध

कोणत्या लिंगाची संख्या हवी, हे प्रश्नावर अवलंबून आहे. वंध्य नर सोडून फळमाशीचे नियंत्रण करताना वंध्य व रानटी नरांचे परस्पर प्रमाण निर्णायक असते. तेथे केवळ नरांचा अंदाज पुरेसा, किंबहुना नेमका हवा तोच असतो. जपानने काकडीवर्गीय पिकांवरील फळमाशीचे याच तंत्राने १९९३ पर्यंत निर्मूलन पूर्ण केले. उलट, मित्रकीटकाची पुढील पिढी किंवा किडीचा पुढील उद्रेक माद्यांवर अवलंबून असतो, आणि तेथे नरांच्या सापळ्यातील आकडा दिशाभूल करू शकतो.

वन्यप्राण्यांबाबत तर निर्णयांचे परिणाम अधिक गंभीर आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ६२ अन्वये केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये बिहारमधील काही जिल्ह्यांत नीलगाय व रानडुक्कर यांना मर्यादित काळासाठी उपद्रवी घोषित केले होते. पिकाचे नुकसान सोसणारा शेतकरी आणि प्राण्याचे भवितव्य, दोन्ही अशा निर्णयांत पणाला लागलेले असतात. एका नराशी अनेक माद्यांचे मीलन होणाऱ्या जातींत समष्टीची वाढ माद्या ठरवतात. माद्या कमी मोजल्या गेल्या, तर वाढीचा वेग कमी भासतो व उपाय अपुरे पडतात. जास्त मोजल्या गेल्या, तर नको तितकी कठोर पावले उचलली जातात.

क्षेत्रकार्यासाठी सूचना

१. खुणेच्या व बिनखुणेच्या प्रत्येक नोंदीत 'नर', 'मादी' व 'अनिश्चित' असे तीन रकाने ठेवावेत.
२. कमी दिसणाऱ्या लिंगावर खुणा करण्यासाठी वेगळी वेळ, जागा व पद्धत योजावी. टाचण्यांसाठी पाण्याकाठाबरोबरच गवताळ भागातही शोध घ्यावा.
३. नुकत्याच कोषाबाहेर न येता थेट जलावस्थेतून बाहेर पडलेल्या, मऊ पंखांच्या टाचण्यांवर खुणा करू नयेत. त्यांना इजा होते.
४. खुणेमुळे एखादे लिंग अधिक ठळक दिसत नाही ना, याची खात्री करावी.
५. जोडीने दिसणाऱ्या टाचण्या किंवा कळपाने दिसणारे प्राणी या स्वतंत्र नोंदी नसतात. जोडी वा कळपाचा उल्लेख करावा, म्हणजे प्रमाण त्रुटी योग्य तेवढी वाढवता येईल.
६. माद्यांची अपेक्षित पुनर्निरीक्षणे किती, याचा हिशेब अभ्यास सुरू होण्यापूर्वीच करावा. ती चार-पाचच येणार असतील, तर फेऱ्या किंवा खुणा वाढवाव्यात.
७. अहवालात एकूण संख्येबरोबर प्रत्येक लिंगाचा अंदाज, त्याची प्रमाण त्रुटी व दिसण्याची संभाव्यता द्यावी.

समारोप

नर-मादी भेदाची हाताळणी ही विश्लेषणाच्या शेवटी करावयाची दुरुस्ती नव्हे. ती नोंदवहीचे रकाने आखताना घ्यावयाची दक्षता आहे. प्रतिमाने कितीही प्रगत झाली, तरी जे पाहिले व लिहिले गेले त्यावरच ती उभी राहतात. पुढील हंगामात आम्ही नोंदवहीत दोन रकाने वाढवले, आणि पाण्याकाठच्या फेरीबरोबर गवतातील फेरीही सुरू केली. काम वाढले; परंतु बांधावर ज्या क्वचितच दिसत, त्या माद्या प्रथमच आमच्या हिशेबात आल्या.